अद्दाए मास्तर कॉम्प्युटरला जुलाब देतात

कॉम्प्युटर मंद झाला आहे, एवढं अद्दाए मास्तरांनी केव्हाही मान्य केलं असतं. पण ब्रदर एझरा भर अंगणात, चार माणसांदेखत म्हणाला, "मास्तर, तुमचं यंत्र तुमच्यासारखंच पेन्शनीत निघालेलं दिसतंय," तेव्हा प्रश्न इभ्रतीचा झाला. सहायक मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला माणूस एक वेळ आपले गुडघे दुखतात हे कबूल करेल. पण घरातली एकमेव विद्वान वस्तू थकली आहे, हे त्यानं शेजाऱ्याच्या तोंडून ऐकावं? आणि शेजारी तरी कोण, तर मॅगझिन नावाच्या गॅरेजांच्या वस्तीत मोडक्या गाड्यांचे सुटे भाग विकणारा!

एझरा खोटं मात्र बोलला नव्हता. मास्तर सकाळी बटण दाबायचे, मग दात घासायचे, दाढी करायचे, कोंबड्यांना मका टाकायचे, पत्नी फेलिशियाबाईंकडून आपल्या कालच्या चुकांची उजळणी ऐकायचे, आणि हे सगळं उरकून खुर्चीत येऊन बसावं तर पडद्यावर वाळूचं घड्याळ अजून कोलांट्या मारत असायचं.

एरवी हेही चाललं असतं, मास्तरांना घाई कसली? पण या वेळी काम आईचं होतं. आई भरल्या घरात, भरल्या वयात गेली होती आणि कुमासी शहराच्या रीतीप्रमाणे शवागारात शांतपणे थांबली होती, कारण अंत्यविधीवर एकमत व्हायला जिवंत माणसांना फार वेळ लागतो. अखेर तारीख ठरली, मंडप ठरला, शोकाचं कापड ठरलं, आणि पुस्तिकेचं काम मास्तरांकडे आलं. पुस्तिका ही काही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. गुळगुळीत कागद, आईचे फोटो, आईचं चरित्र, मुलांची श्रद्धांजली, नातवंडांची श्रद्धांजली, चर्चच्या महिला मंडळाची श्रद्धांजली, आणि शेवटच्या पानावर शोकाकुल कुटुंबीयांची नावं. माणूस मातीत जातो, पण पुस्तिका पाहुण्यांच्या कपाटात राहते. तिच्यात कुणाचं नाव कुणाच्या वर छापलं होतं यावरून नातवंडं-पतवंडं पुढे बोलायची बंद होतात. अपत्यांमध्ये पहिलं नाव मास्तरांचं आलं होतं, थोरले म्हणून, आणि ते तिथं यावं यासाठी मास्तरांनी दोन बैठकांत घसा बसेपर्यंत वाद घातला होता.

चरित्र लिहिताना मात्र पंचाईत झाली. मास्तरांनी बहिणीला विचारलं, "सेर्वा, आईचं लग्न कुठल्या गावी लागलं गं?"

"अफियाला विचार," सेर्वा म्हणाली.

मग थोरल्या मामांना विचारलं. हे आईचे भाऊ आणि घराण्याचे प्रमुख. "मामा, बाजारात आईला कुठल्या नावानं हाक मारायचे?" मामांनी बराच वेळ छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाव होतं खरं. छान होतं. अफियाला ठाऊक असेल बघ."

आईची आवडती प्रार्थना, आईच्या मनगटावरचा भाजल्याचा डाग, आई कुणावर रुसली होती आणि का, सगळ्याला हेच उत्तर. शेवटी मास्तर स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसले, आणि अफिया भुईमुगाचं कालवण ढवळता ढवळता सांगत गेली. चरित्र पुरं झालं. खाली लेखक म्हणून नाव पडलं मास्तरांचं.

अफिया कोण, हा प्रश्न त्या घरात कुणी विचारत नसे. मास्तर जन्मायच्या आधी आईनं तिला कुठून तरी घरी आणलं होतं. बोट धरून आलेली पोर होती, ती राहिली. कुठून आणलं, कुणाची होती, हे ज्यांना ठाऊक होतं ते तोंड मिटून देवाघरी गेले. आशांती मुलखात हा कायदाच आहे: दुसऱ्याचं मूळ चारचौघांत उकरायचं नाही. मास्तरांच्या लहानपणी एका दारुड्या नातलगानं भांडणाच्या भरात एकाला म्हटलं होतं, "तुझी आजी कुठून आली ते सांगू का?" पुढचं वाक्य त्याच्या तोंडून निघायच्या आत वडीलधाऱ्यांनी त्याला दंड म्हणून मेंढा भरायला लावला. मेंढा कापला, नातलग रडला, आणि सगळ्यांनी चवीनं खाल्लं. तेव्हापासून त्या घरात हा विषय निघाला नव्हता.

अफियानं मास्तरांना लहानपणी पाठीला बांधून वाढवलं होतं. तेव्हा ती त्यांना क्वासी म्हणायची, कधी 'ए क्वाशा'सुद्धा. ते नोकरीला लागले आणि ती 'मास्तर, तुम्ही' म्हणायला लागली. आईची शेवटची सगळी उस्तवार तिनंच केली. न्हाऊ घातलं, भरवलं, कूस बदलली. आणि उभ्या जन्मात कधी काही मागितलं नव्हतं. पण पुस्तिकेचं सुरू झाल्यावर एक दिवस कालवणातून नजर न काढता ती म्हणाली, "मास्तर, माझं नाव यायचं ना त्यात? कुठं यायचं?"

"येईल, येईल," मास्तर म्हणाले, आणि कोंबड्या बघायला गेले.

नाव त्यांनी घातलं. अपत्यांची यादी संपली, की एक ओळ कोरी, आणि मग खाली 'अफिया'. यादीत म्हणावी तर नाही, बाहेर म्हणावी तर तीही नाही. शाळेत ज्या मुलाला पास करता येत नसे आणि नापास करवत नसे, त्याच्यापुढे मास्तर 'वर ढकलला' असं लिहीत. त्यातलाच हा प्रकार. मनाला तो डाचत होता, पण ते पान उघडायलाच इतका वेळ लागायचा की डाचणं तोवर मावळून जायचं.

तर अशा या यंत्राची नाडी बघायला एका रविवारी डापा आला. डापा म्हणजे सेर्वाचा मुलगा, मास्तरांचा भाचा. तिकडे वारसा बहिणीच्या पोटी जातो, त्यामुळे भाचा घरात शिरला की मामाच्या खुर्चीकडे, घड्याळाकडे आणि छपराच्या पत्र्यांकडे जरा आपुलकीनं बघतो. डापा विमा कंपनीत होता. रविवारीही टाय लावायचा आणि दर वाक्याला 'सिस्टीम' म्हणायचा.

"मामा," वाळूच्या घड्याळाकडे बघत तो म्हणाला, "तुमची सिस्टीम तुंबलीय."

"मी कधीची सांगतेय!" आतून फेलिशियाबाईंचा आवाज आला.

फेलिशियाबाईंच्या मते जगातल्या एकूण एक दुखण्यांचं मूळ पोटात असतं. ताप, सांधेदुखी, परीक्षेतलं अपयश, नवऱ्याचा हट्टीपणा, सगळं पोट तुंबल्यानं होतं. त्यांच्या न्हाणीघरात खिळ्याला एक लाल रबरी फुगा टांगलेला असे. त्यात आल्या-मिरचीचं पाणी भरलं, की पुढचं काम फुगा करायचा. त्या फुग्याला कधीच पाठ दाखवावी लागली नाही, असा माणूस त्या घरात जन्मला नव्हता. मास्तरांनी तर मुख्याध्यापकपदाची मुलाखतही त्या फुग्याच्या आशीर्वादानं दिली होती. ती जागा त्यांना का मिळाली नाही, याची चर्चा घरात होत नसे.

डापानं समजावून सांगितलं ते असं: कॉम्प्युटरच्या पोटात एक भली मोठी नोंदवही असते, तिला रजिस्ट्री म्हणतात. कुठला प्रोग्राम कुठे राहतो, कुणाला कोण लागतो, प्रिंटर कुणाच्या ओळखीनं आला, हे सगळं तिच्यात लिहिलेलं. प्रोग्राम येतात, जातात, त्यांच्या नोंदी मागे राहतात. "नुसती अडगळ, मामा! ज्यांचा मालक नाही अशा नोंदी. त्यांनीच सिस्टीम तुंबते. आमच्या ऑफिसात सगळे हे वापरतात," असं म्हणून त्यानं खिशातून पेन ड्राइव्ह काढला. पडद्यावर पांढरा कोट घातलेला आणि हातात झाडू घेतलेला एक डॉक्टर हसत उभा राहिला.

तपासणी फुकट होती. डॉक्टरनं झाडू हलवला, आणि भराभरा लाल ओळी उमटायला लागल्या. शेवटी आकडा थांबला तो हजाराच्या पुढे जाऊन. एवढे दोष! मास्तरांनी सगळ्या नोकरीत कुठल्याही कार्ट्याच्या वहीत एवढ्या लाल खुणा केल्या नव्हत्या. त्यांनी घाईघाईनं खिडकीचा पडदा ओढला. पण एझरा आणि टांडो खिडकीत आधीपासूनच उभे होते.

टांडो हे कस्टममधून निवृत्त झालेले गृहस्थ. शेवटपर्यंत सरहद्दीवर ट्रक तपासले, त्यामुळे स्वतःच्या सुनेनं आणलेली पिशवीसुद्धा ते वरून दाबून बघत.

"फुकट तपासणी काय?" टांडो म्हणाले. "मास्तर, मी जन्मभर तपासण्या केल्यात. दोष सापडला की ज्याचा फायदा, त्याला दोष सापडतोच. सापडला नाही, असं मी एकदाही घरी जाऊन बायकोला सांगितलेलं नाही."

"अहो, पण दोष होतेच ना ट्रकात?"

"काही होते," टांडो म्हणाले. "काही आम्हाला भूक लागलेली असायची."

"त्यांचं काय ऐकता!" एझरा मध्ये पडला. "इंजिनाला आत धुवायला लागतंच. माझं ऐका, एक डॉक्टर नको, दोन लावा. एकानं सोडलं ते दुसरा काढतो. माझ्या मेव्हण्याकडं दुसरा आहे, त्याच्या हातात झाडूऐवजी पंप आहे."

मास्तर खरे तर टांडोंच्या बाजूला झुकले होते. ज्याच्या बोलण्यात स्वतःची बदनामी असते तो माणूस सहसा खरं बोलतो, हा त्यांचा शाळेतला अनुभव. पण झुकून राहणं हा त्यांचा स्वभाव, आणि ढकलणारे तिघे होते. डापा फोन वाजला म्हणून अंगणात गेला, जाता जाता म्हणाला, "मामा, विचारेल त्याला हो म्हणत जा." मास्तरांनी चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली.

डॉक्टरनं एकच प्रश्न विचारला. मास्तरांनी तो दोनदा वाचला.

"काय म्हणतोय?" फेलिशियाबाई कमरेच्या कापडाला हात पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या.

"म्हणतोय, आतून जे जे निघेल त्याची एक प्रत जपून ठेवू का."

"शी!" फेलिशियाबाई दोन पावलं मागे सरल्या. "अहो, जुलाब झाल्यावर कुणी ते डब्यात भरून ठेवतं का? काय घाणेरडा डॉक्टर आहे!"

मास्तरांनाही ते पटलं. हो म्हणायला डापानं सांगितलं होतं खरं, पण डापा पडला तरुण; स्वच्छतेच्या बाबतीत वयाचा अनुभव मोठा. त्यांनी ठामपणे 'नाही'वर टिचकी मारली. मग एझराच्या मेव्हण्याचा पंपवाला डॉक्टर आला. त्यानं 'पूर्वस्थितीला परत जाण्याच्या जुन्या खुणा' शोधून काढल्या आणि त्या अडगळ आहेत असं सांगितलं. मास्तरांनी त्याही काढून टाकायला लावल्या. माणसानं मागे परत का जावं, पुढे जावं, असं त्यांनी टांडोंना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. टांडो घरी निघून गेले.

आणि काय सांगावं! बटण दाबलं, मास्तरांनी दंतमंजनाची डबी उघडली, तेवढ्यात कॉम्प्युटर सुरू! मास्तर हातात डबी घेऊनच अंगणात धावले. एझराला बोलावलं, त्याच्या बायकोला बोलावलं, पाण्याच्या नळावर आलेल्या अनोळखी बायकांनाही बोलावलं, आणि बंद करून पुन्हा सुरू करून दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अफिया दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "छान झालं. आता आईचं पान काढता येईल."

मास्तर पान काढायला बसले. पुस्तिकेच्या फाइलवर टिचकी मारली. कॉम्प्युटरनं अत्यंत तत्परतेनं विचारलं, ही वस्तू कशानं उघडू?

"म्हणजे काय? नेहमीच्याच प्रोग्रामनं," मास्तर मोठ्यानं म्हणाले.

असा कुठलाही प्रोग्राम इथं राहत नाही, असं कॉम्प्युटरचं म्हणणं पडलं. मास्तरांनी प्रिंटर लावून पाहिला. टेबलावर हाताच्या अंतरावर, वायरनं बांधलेला प्रिंटर असताना कॉम्प्युटरनं आपण कुठल्याही प्रिंटरला ओळखत नसल्याचं सांगितलं. आवाजाचं बटण दाबावं तर आवाज गेलेला. चर्चच्या गायकवृंदाची गाणी होती, ती मुकी झाली होती. एवढ्या वेगानं 'नाही' म्हणणारं यंत्र मास्तरांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"पोट साफ झालं की जरा अशक्तपणा येतोच," फेलिशियाबाई म्हणाल्या. "आज पडून राहू दे त्याला. उद्या उठेल."

उद्या उठला नाही. एझरानं येऊन पेटीवर दोन थापा मारल्या आणि आणखी एक मात्रा देऊ या म्हणाला. तीही दिली, तेव्हा पडद्यावर आईचं चित्र लावलेलं होतं तेही गेलं आणि नुसता निळा पडदा उरला. मास्तरांनी कोपऱ्यावरच्या इंटरनेटच्या दुकानात जाऊन झाडूवाल्या डॉक्टरच्या मालकांना पत्र लिहिलं. पत्र फार सुंदर होतं. 'आपला अत्यंत खिन्न' असा शेवट होता. उत्तर ताबडतोब आलं. त्यात त्यांचे आभार मानले होते, आणि अडचण राहिल्यास पुन्हा एकदा सफाई करावी असा सल्ला होता.

मग डापा आला. त्यानं टाय सैल केला. "काही नाही मामा, दोन मिनिटांचं काम. काढलेल्या नोंदींची प्रत ठेवली असेल ना, ती परत घालू."

मास्तरांनी फेलिशियाबाईंकडे पाहिलं. फेलिशियाबाईंना एकाएकी चुलीवर काहीतरी लागल्याचा वास आला.

"ते ठेवायचं असतं?" मास्तर बारीक आवाजात म्हणाले.

"मामा!"

"मग तसं आधी सांगायचं! भल्या माणसाला असं विचारतात का, जे निघेल ते ठेवू का म्हणून?"

डापानं कपाळाला हात लावला. मास्तर म्हणाले, "पण मला एक सांग. तो प्रोग्राम मी रोज वापरत होतो. त्याची नोंद अडगळ कशी झाली?"

"अहो, तो जुना होता. त्याची जागा मध्ये कधीतरी बदलली असेल. नोंद कुणाची आहे ते डॉक्टरला दिसलं नाही. मालक नाही असं धरून त्यानं काढली."

"मालक होता की. मी होतो."

"त्याला दिसला नाही ना. आणि त्या नोंदीला प्रिंटर लटकलेला होता, आवाज लटकलेला होता, सगळं धडाधड खाली आलं. होतं असं कधीकधी. शंभरात एखादी नोंद."

मास्तरांना जेवण गेलं नाही. एकीकडे लाज वाटत होती, दुसरीकडे आईची पुस्तिका गेली या विचारानं पोटात खरंच गोळा आला होता, आणि ते फेलिशियाबाईंना सांगायची सोय नव्हती. सगळ्यात वाईट म्हणजे टांडो रोज संध्याकाळी कुंपणाशी येऊन उभे राहत आणि 'मी म्हणालो होतो' हे एकदाही म्हणत नसत.

शेवटी अफियाच म्हणाली, "मास्तर, छापणाऱ्या बाईकडं नेऊ या की. तिच्याकडं गावातले सगळे मेलेले येतात, त्यातनं कुणाचं तरी असंच झालं असेल."

फेलिशियाबाईंनी पेटी आपल्या चांगल्या कापडात गुंडाळून दिली. मास्तरांच्या गुडघ्यांचा प्रश्न होता, म्हणून अफियानं डोक्यावर चुंबळ ठेवली, पेटी वर घेतली, आणि चालू लागली. सत्तरीची बाई, पण मान ताठ. मागून मास्तर छत्री घेऊन. वाटेत नारळ विकणाऱ्यानं कापडाकडे बघून हळहळत विचारलं, "आजारी आहे का हो?"

"अशक्तपणा आहे," मास्तर म्हणाले.

छापखाना आक्या मॅडमचा. दुकानभर भिंतींवर गेलेल्या माणसांचे हसरे फोटो, आणि बाकावर राहिलेली माणसं वाट बघत बसलेली. आक्या मॅडम अवाढव्य, गळ्यात चष्मा, समोर एक कॉम्प्युटर. तो तिचा कॉम्प्युटर बघून मास्तरांना भडभडून आलं. धूळ, शाईचे डाग, जुने स्टिकर, कडेला अर्धं खाल्लेलं केळं. तिनं मास्तरांच्या पेटीतली माहितीची तबकडी काढली, आपल्या यंत्राला जोडली, आणि टिचकी मारली. आई पडद्यावर आली. आईचं चरित्र आलं, श्रद्धांजल्या आल्या, एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नव्हतं.

मास्तरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "हे... हे सगळं होतं?"

"जायला काय झालंय? वाचणारा गेला होता, लिहिलेलं कुठं जातंय," मॅडम म्हणाली. "पुस्तिका छापून देते. पेटी मात्र पुन्हा पहिल्यापासून भरावी लागेल, विधी झाल्यावर आणा."

"तुम्ही हे यंत्र कधी साफ करत नाही?"

"करते की. शनिवारी. वरून, फडक्यानं."

एवढ्यात डापा आला. त्याचं ऑफिस जवळच होतं, आणि त्याला काळजी होती. कॉम्प्युटरची असावी असं मास्तरांना वाटलं. डापानं पडद्यावर शेवटचं पान पाहिलं आणि मामाच्या कानाशी वाकला.

"मामा, आता उघडलंच आहे तर ती खालची ओळ काढून टाका."

"कुठली?"

"ती सगळ्यात खालची. मी आईशी बोललोय. उगाच जास्तीची नोंद. कशाला जोडलेली नाही. एक ओळ गेल्यानं काय बिघडतंय?"

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. याच अफिया मावशीच्या हातचं खाऊन हा टाय लावण्याइतका मोठा झाला होता. दाराशी अफिया हातात चुंबळ घेऊन उभी होती. तिला वाचता येत नव्हतं. पण पडद्यावरच्या आईकडे ती एकटक बघत होती.

तेवढ्यात आक्या मॅडमनं चष्मा चढवला आणि तिला शोभेल अशा आवाजात विचारलं, "मास्तर, ही अफिया कोण? मध्ये कोरी ओळ कसली सोडलीय? ही घरातली की पाहुणी?"

बाकावरची सगळी माणसं इकडे बघायला लागली. जो प्रश्न त्या घरात कधी कुणी विचारला नव्हता, तो एका छापणाऱ्या बाईनं भर दुकानात विचारला होता, आणि तिचा काही दोषही नव्हता. ओळ सोडणारे मास्तर होते. दाराशी अफियानं खाली बघितलं आणि चुंबळ उलगडून पुन्हा गुंडाळायला घेतली. मास्तरांना आपली एवढी शरम कधी वाटली नव्हती. हजार लाल खुणा निघाल्या तेव्हासुद्धा नाही.

"ती माझी बहीण," मास्तर म्हणाले. "ओळ चुकून सुटलीय."

"मग कुठं घालू?"

दोन बैठका, बसलेला घसा, सगळं मास्तरांच्या डोळ्यांसमोरून गेलं. "सगळ्यात वर घाला. माझ्या वर. ती माझ्याहून मोठी आहे."

"मामा!" डापा पुढे सरला. "अहो, असं कसं? ती तर..."

"ती तर काय?" मास्तर वर्गात विचारत तसं विचारते झाले. "उभा राहा नीट. मोठ्यानं बोल, मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे. तिचं नाव का नको, ते सगळ्यांना सांग."

डापानं बाकाकडे पाहिलं. बाकावर एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते, ते कान देऊन पुढे झुकले होते. गृहस्थांनी सावकाश विचारलं, "पोरा, घरी मेंढा आहे का?"

डापानं टाय घट्ट केला, मग सैल केला. मग म्हणाला, मला ऑफिसला उशीर होतोय.

"छापू?" आक्या मॅडमनं विचारलं.

"छापा," मास्तर म्हणाले. "आणि चरित्राखाली लेखक म्हणून माझं नाव आहे, तिथं तिचंही घाला. तिनं सांगितलंय ते, मी नुसतं उतरवलं."

परतताना पेटी पुन्हा अफियाच्या डोक्यावर, मागे मास्तर. मास्तर विचार करत होते, की सेर्वा आता महिनाभर बोलायची नाही, मामा बोलावून घेतील, आणि पाहुण्यांच्या कपाटांत जन्मभर आपलं नाव दुसरं राहील. आणि गंमत म्हणजे त्यांना बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी इतकं हलकं वाटत होतं.

मग त्यांच्या लक्षात आलं, की पुढे पेटी हलतेय. अफियाच्या डोक्यावर कधी पाण्याचा हंडा हिंदकळला नव्हता, आणि आज पेटी हलत होती. तिचे दोन्ही हात पेटीला धरलेले. डोळे पुसायला तिसरा हात नव्हता.

"अफिया, पेटी हलतेय गं," मास्तर म्हणाले. "जरा थांबायचं का?"

"गप चल, क्वासी," ती मागे न बघता म्हणाली. "रस्ता खराब आहे."

रस्ता त्याच महिन्यात नवा डांबरी झाला होता. मास्तर गप चालू लागले, आणि छत्री जरा पुढे करून त्यांनी ती तिच्यावर धरली.